दहाचे वीस टनर: क्लोरीनच्या कारखान्याचा आपत्कालीन आराखडा करताना

क्लोरीनच्या एका टनरमध्ये, म्हणजे मोठ्या आडव्या सिलिंडरमध्ये, ९०० किलो क्लोरीन असतं. दहा टनर म्हणजे नऊ टन, वीस म्हणजे अठरा. या दोन आकड्यांच्या मधे दहा टनांची मर्यादा येते. ती ओलांडली की घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे कारखाना एमएएच होतो, म्हणजे मोठ्या अपघाताचा धोका असलेला. मग ऑनसाइट, म्हणजे कारखान्याच्या आतला, आपत्कालीन आराखडा, दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, आजूबाजूच्या वस्तीला माहिती देणं, जिल्ह्याच्या ऑफसाइट, म्हणजे कारखान्याबाहेरच्या, आराखड्यासाठी तपशील पुरवणं, हे सगळं आपल्यावर येतं. पंचवीस टनांपासून सुरक्षा अहवाल वेगळा लागतो. आमचे अठराच, त्यामुळे तो टप्पा आम्हाला लागला नाही.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका मध्यम कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये साठा दहा टनरवरून वीसवर नेण्याचा निर्णय झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अग्निशमन दल, पोलीस, आरोग्य केंद्र आणि गाव यांच्यासह पहिली संयुक्त मॉक ड्रिल झाली. या दरम्यान नियम सापडत होते, आराखड्याचे नमुनेही सापडत होते. पण आधी कुणाकडे जायचं, हातात काय घेऊन जायचं, कुठे किती थांबावं लागतं, हे सांगणारं काही मिळालं नाही. जिथे सेफ्टीचा सगळा भार एकाच माणसावर आहे, अशा कारखान्यांतल्या लोकांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीला आमच्याकडे सगळ्यांचाच समज होता की हे कागदाचं काम आहे, सल्लागार करून देईल. मग २३ मे रोजी डोंबिवली एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरचा स्फोट झाला. आमच्या मेंटेनन्समधल्या दोघांची घरं डोंबिवलीत आहेत. ते दुपारभर घरी फोन लावत होते आणि फोन लागत नव्हते. २६ मे २०१६ ला त्याच वसाहतीत असाच मोठा स्फोट होऊन गेला होता, त्याच्याही आठवणी निघाल्या. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये आमच्या प्लांट हेडनी विचारलं, "आपल्याकडे काही झालं तर पहिला बंब कुठून येईल, आणि येणाऱ्यांना आपल्याबद्दल काय माहीत असेल?" पुढचं सगळं काम मी या एका प्रश्नाभोवती केलं. आजही मला वाटतं की आराखडा चांगला की वाईट, हे याच प्रश्नावर ठरतं.

जूनमध्ये कागद सुरू झाले. वाढीव साठ्याची सूचना काम सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी द्यायची असते, म्हणून ती पहिली दिली. ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे आपण ज्याला डिश म्हणतो तिथे. टनर साठवण्याचा परवाना पेसोकडून, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडून, वाढवून घ्यायचा, त्यासाठी शेडचा नवा नकाशा मंजूर करून घ्यायचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्रही सुधारून घ्यायचं. ही कामं एकाच वेळी चालवता येतात, फक्त तिन्ही ठिकाणी जाणारा नकाशा एकच हवा. आमच्या नकाशा काढणाऱ्याने एका अर्जासाठी शेडचं दार चार फूट सरकवलं आणि बाकीच्या दोन फायलींत दार जुन्याच जागी राहिलं. त्यातून खुलाशाची पत्रं, आणि जुलै महिना गेला. तेव्हापासून प्रत्येक नकाशावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घालायची, आणि माझ्या सहीशिवाय नकाशा कारखान्याबाहेर जायचा नाही, असं ठरवून घेतलं.

खर्चाचं मोकळेपणाने सांगते, कारण बजेट मागताना हे आकडे हाताशी असले की बरं पडतं. धोका विश्लेषणासाठी आमच्याकडे सव्वा लाखापासून चार लाखांपर्यंत कोटेशनं आली. सगळ्यात स्वस्त सल्लागार प्रत्यक्ष न येता अहवाल द्यायला तयार होता, त्याला नाही म्हटलं. शेवटी एक लाख ऐंशी हजार अधिक जीएसटीवर काम दिलं. एससीबीएचे, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या बाटलीवर श्वास घेता येणाऱ्या मास्कचे, चार सेट घेतले, एकेक सत्तर हजारांच्या आसपास पडला. टनरची गळती बंद करण्याचं बी किट, गॅस डिटेक्टर आणि गळलेला वायू शोषून घेणाऱ्या स्क्रबरच्या ब्लोअरला स्वतंत्र जनरेटर, यात सर्वाधिक पैसे गेले. एक खर्च बरेच जण धरत नाहीत. १९९१ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक दायित्व विमा काढावा लागतो, आणि हप्त्याइतकीच रक्कम पर्यावरण मदत निधीतही भरावी लागते. म्हणजे विमा एजंट जो आकडा सांगेल त्याच्या दुप्पट मागून ठेवा.

आता वाऱ्याबद्दल. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या आराखड्यात सगळ्यात जास्त बदल याच्यामुळे झाला.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. तो वर उडून जात नाही. जमिनीलगत, उताराने, वारा नेईल तिकडे सरकतो. त्यामुळे गळती झाल्यावर लोकांनी कुठे जमायचं, बंब कुठून आत घ्यायचा, कोणती वस्ती आधी हलवायची, हे सगळं वारा ठरवतो. सल्लागाराने जवळच्या वेधशाळेची आकडेवारी धरली होती आणि अहवालात प्रमुख वारा पश्चिमेकडून असं लिहिलं होतं. क्लोरीन शेडवर आमचे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी तो नकाशा पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे दिवसाचं झालं. थंडीत पहाटे शेडमधला वास नेहमी गेटाकडे जातो, खाडीकडे नाही."

शाळेच्या भूगोलात आपण सगळेच हे शिकलेलो असतो. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे. खाडीच्या काठच्या आमच्या वसाहतीत हे रोज घडतं, फक्त पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर असल्यामुळे कळत नाही. मी ऑगस्टपासून गेटवरच्या सिक्युरिटीला दर दोन तासांनी विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघून दिशा लिहायला सांगितली. साधी वही, चार रकाने: तारीख, वेळ, दिशा, सही. पावसाळ्यातली पानं एकसारखी होती. दसऱ्यानंतर चित्र बदललं. सकाळी नऊ-दहापर्यंत वारा पूर्वेकडून, मग तासभर काहीच नाही, आणि दुपारपासून पश्चिमेकडून. आमचं मुख्य गेट पश्चिमेला. म्हणजे रात्री गळती झाली तर बंब ज्या गेटातून येणार, वायूही त्याच गेटाकडे जाणार.

कारखान्याच्या पूर्वेला एक जुनं गेट आहे, बांधकामाच्या वेळचं. वर्षानुवर्षं कुलूप, पुढे रानटी झुडपं. ते उघडून, रस्ता साफ करून, जड गाडी वळेल इतका रुंद करून घेतला. पूर्वेलाच दुसरा असेंब्ली पॉइंट, म्हणजे लोकांनी जमायची जागा, केली. सल्लागाराने अहवाल सुधारून दिला, दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन नकाशे. तुम्ही कोकणपट्टीत असाल तर पावसाळ्यातल्या नोंदींवर आराखडा पक्का करू नका, निदान नोव्हेंबरपर्यंतची वही भरू द्या.

ऑक्टोबरमध्ये कच्चा आराखडा घेऊन अग्निशमन केंद्रात गेले. दोनशे पानांची फाइल होती. स्टेशन ऑफिसरनी चहा मागवला, फाइल चाळली आणि म्हणाले, "मॅडम, असे प्लॅन माझ्या कपाटात भरपूर आहेत. रात्री दोनला फोन आला तर मी कपाट उघडू की गाडी काढू?" त्यांना हव्या होत्या मोजक्या गोष्टी. आत्ता कोणत्या गेटाने यायचं. आत काय आहे आणि आज किती आहे. पाणी कुठे घ्यायचं. गेटवर मला कोण भेटेल आणि तो ओळखायचा कसा. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची: मी काय करायचं नाही.

त्या 'करायचं नाही' वर आम्ही बराच वेळ बोललो. गळणाऱ्या टनरवर पाणी मारायचं नाही. पाण्याने टनर तापतो, म्हणजे आतला थंड द्रव जास्त वेगाने वायू होतो, आणि ओलसर क्लोरीन लोखंड खातं, त्यामुळे भोक मोठं होत जातं. आगीत सापडलेला पण न गळणारा टनर मात्र पाण्याने थंड ठेवायचा. द्रव गळत असेल तर टनर फिरवून गळतीची जागा वर आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर येतो आणि गळतीचं प्रमाण खूप कमी होतं. हे काम आमच्या प्रशिक्षित माणसांचं, बंबावरच्या जवानांचं नाही. त्यांनी स्वतः विषय काढला तो शिवडीचा. १४ जुलै २०१० ला मुंबई पोर्टच्या हाजी बंदर भागात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला होता, शंभरावर लोकांना बाधा झाली, त्यात अग्निशमन दलाचे जवानही होते. मला आठवत होतं ते अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं वेस्ट नावाचं गाव. १७ एप्रिल २०१३ ला खताच्या गोदामाला आग लागली आणि अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. पंधरा माणसं गेली, त्यातले बारा जण मदतीला धावून आलेले होते. आपल्या बोलावण्यावरून येणाऱ्या माणसाला आत काय आहे ते आधी सांगितलेलं असणं, हा त्याचा हक्क आहे असं मी मानते.

दोनशे पानांचं आम्ही चार पानांचं कार्ड केलं. मराठीत, मोठ्या अक्षरात, लॅमिनेशन करून. पहिल्या पानावर दिवसाचा नकाशा, मागे रात्रीचा. तिसऱ्या पानावर क्लोरीन, त्याचा घातक मालाच्या ओळखीचा यूएन क्रमांक १०१७, काय करायचं आणि काय नाही. चौथ्यावर फोन नंबर, तेही पदाने; माणूस बदलला तरी कार्ड चुकीचं ठरू नये म्हणून शिफ्ट इनचार्जचा मोबाइल कारखान्याच्या नावावरच घेतला.

हे कार्ड बाहेर द्यायला आमच्या सिक्युरिटी प्रमुखांचा विरोध होता. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचं म्हणणं, टनरची शेड कुठे, गेटं कोणती, किल्ली कुठे, हे कागदावर उतरवून बाहेर पाठवणं म्हणजे चोराला वाट दाखवणं. ही काळजी रास्त आहे. क्लोरीन १९१५ साली पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला, आणि २००७ मध्ये इराकमध्ये स्फोटकं लादलेल्या ट्रकांबरोबर क्लोरीनचे टँक लावून हल्ले झाले. भरलेला टनर चुकीच्या हातात जाणं ही कल्पनाही नको. अमेरिकेत रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षेसाठी २००७ पासून वेगळे नियम होते, त्यांची मुदत जुलै २०२३ मध्ये संपली. त्यात कुंपण, पहारा, चोरी यांच्याबरोबरच स्थानिक मदत दलांशी मिळून आणीबाणीचा सराव करणं हाही एक निकष होता. आपल्याकडे हे दोन विषय वेगवेगळ्या टेबलांवर असतात, त्यामुळे कारखान्यातच कुणीतरी सेफ्टी आणि सिक्युरिटी यांना समोरासमोर बसवावं लागतं.

आम्ही बसलो आणि एकेक ओळ घेऊन ठरवलं. कार्डावर शेड, व्हॉल्व्ह, हायड्रंट, दोन्ही गेटं, असेंब्ली पॉइंट राहिले. कॅमेऱ्यांच्या जागा, पहाऱ्याच्या वेळा, टनरची लॉरी कोणत्या दिवशी येते, हे काढून टाकलं. कार्डाच्या प्रतींना क्रमांक घातले. अग्निशमन केंद्र, पोलीस ठाणे, प्रांत कार्यालय आणि आरोग्य केंद्र यांना सही घेऊन दिल्या, आणि नवी आवृत्ती देताना जुनी परत घ्यायची असं ठरलं. रोजचा साठा कार्डावर नाहीच. त्यासाठी दोन्ही गेटांवर लाल पेटी, तिच्यात सकाळच्या शिफ्टला भरलेली चिठ्ठी: भरलेले टनर किती, रिकामे किती, जोडलेला कोणता. पूर्वेच्या गेटाच्या किल्लीवर सगळ्यात जास्त वाद झाला. शेवटी एक किल्ली सीलबंद पाकिटात अग्निशमन केंद्रात आणि दुसरी गेटाजवळच्या काचेच्या पेटीत, जिची काच फुटली की कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो. सुभेदारसाहेबांनी सुचवलेली ही अलार्मची कल्पना मला मनापासून आवडली. त्यांनीच पुढे होऊन पोलीस ठाण्यातून सगळ्या कंत्राटी कामगारांची चारित्र्य पडताळणी करून घेतली.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि लोकल क्रायसिस ग्रुपच्या, म्हणजे रासायनिक अपघातांसाठीच्या स्थानिक गटाच्या, बैठकीची आमची तारीख पुढे गेली. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, स्थानिक गट उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या पातळीवर. निवडणुकीत ही सगळी मंडळी त्याच कामाला जुंपलेली, त्यामुळे २० नोव्हेंबरचं मतदान आणि २३ ची मोजणी उरकेपर्यंत कुणाला भेटण्यात अर्थ नव्हता. तो वेळ आम्ही माणसं तयार करण्यात घालवला. एससीबीए घालून शेडमध्ये शिरणं, बी किट बसवणं, अमोनियाचा बोळा फिरवून गळती शोधणं. क्लोरीन असेल तिथे अमोनिया पांढराशुभ्र धूर धरतो, त्यावरून नेमकी जागा कळते. आधी हे दोघांनाच येत होतं. आता प्रत्येक शिफ्टला किमान तिघांना येतं. तुमच्या वेळापत्रकात निवडणूक, जनगणना, पूर, काहीही येऊ शकतं. सरकारी टप्पा अडला की आतल्या तयारीकडे वळा, म्हणजे महिना वाया जात नाही.

त्या वर्षी भोपाळला चाळीस वर्षं पूर्ण झाली. ४ डिसेंबरच्या रासायनिक आपत्ती प्रतिबंधक दिनाच्या निमित्ताने त्याच महिन्यात गटाची बैठक लागली. सल्ला देते: बैठकीला फक्त सादरीकरण नेऊ नका, सगळ्यांना पुरतील इतकी कार्डं न्या, आणि प्रत्येक पत्राची पोच आणि इनवर्ड नंबर एका वहीत ठेवा. अधिकारी बदलून जातात, नंबर राहतो. या गटात पोलीस, अग्निशमन, गटविकास अधिकारी यांच्याबरोबर डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक आणि सरपंच यांनाही जागा आहे. नियम करणाऱ्यांनी हा विचार फार चांगला केला आहे, कारण सगळ्यात नेमके प्रश्न तिथूनच आले.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी विचारलं, "क्लोरीनवर उतारा काय ठेवू?" उतारा नाही. ओलावा दिलेला ऑक्सिजन, नेब्युलायझर, डोळे भरपूर पाण्याने धुणं, आणि बरं वाटायला लागलं तरी घाईने घरी न सोडणं, कारण फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरू शकतं. भोपाळमध्ये त्या रात्री डॉक्टरांना नेमका कोणता वायू आहे आणि उपचार काय करायचे हेच समजत नव्हतं. आम्ही एक पानी माहिती मराठीत करून आरोग्य केंद्रात आणि तालुक्याच्या रुग्णालयात भिंतीवर लावून घेतली, आणि आमच्या खर्चाने दोन नेब्युलायझर दिले.

सरपंच ताईंचा प्रश्न तर मी कधीच विसरणार नाही. "तुमचा भोंगा दिवसातून तीनदा वाजतो. शिफ्टचा कुठला आणि गळतीचा कुठला, हे आम्ही कसं ओळखायचं?" माझ्या आराखड्यात भोंग्याचे प्रकार व्यवस्थित लिहिलेले होते, वरखाली होणारा म्हणजे धोका, सलग म्हणजे धोका टळला. पण शेतात काम करणाऱ्या बाईने तो फरक लांबून ओळखायचा कसा? पुढच्या आठवड्यात आम्ही शिफ्टचा भोंगा बंद केला. आता भोंगा वाजला की त्याचा एकच अर्थ. महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी सकाळी दहाला, अर्धा मिनिट चाचणी होते आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

लोकांना माहिती देणं नियमानेच बंधनकारक आहे, पण पत्रक छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवलं की काम झालं असं होत नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्हाला वीस मिनिटं मिळाली. सांगितलं ते असं: वायूच्या पुढे त्याच दिशेने पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. ओढ्यात, खड्ड्यात उतरायचं नाही, उंचावर जायचं. ओला कपडा नाकातोंडावर. बाहेर पडता येत नसेल तर वरच्या मजल्यावर दारं-खिडक्या लावून बसायचं. एका आजोबांनी गुरांचं काय, असं विचारलं. बांधलेली गुरं सोडून द्या, त्यांच्यामागे धावू नका, असं सांगितलं, आणि ते पत्रकात नव्हतं म्हणून पुढच्या छपाईत घातलं.

जानेवारीतच टेबलाभोवती बसून एक सराव केला, कारखान्याचा नकाशा पसरून. अडचणी भराभर वर आल्या. आमचे वॉकीटॉकी आणि अग्निशमनची वायरलेस एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून आमचे दोन सेट गेटवर येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायचे ठरलं. आमच्या एससीबीएच्या बाटल्या ३०० बार दाबाच्या आणि केंद्रातला कॉम्प्रेसर २०० बारपर्यंतच भरणारा. म्हणून भरलेल्या जादा बाटल्या पूर्वेच्या गेटाजवळ ठेवल्या. ही जुळवाजुळव फोनवर होत नाही. एकमेकांचं सामान प्रत्यक्ष हातात घेऊन पाहावं लागतं.

मॉक ड्रिल फेब्रुवारीच्या शेवटी घेतली, तीही मुद्दाम. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, तो आठवडाभर प्रत्येक कारखान्याला अग्निशमन दल हवं असतं. त्या आठवड्याची तारीख मागू नका.

सकाळी साडेआठची वेळ ठरवली होती, वारा पूर्वेचा असताना. प्रसंग असा: शेडमधल्या जोडलेल्या टनरच्या पिगटेलमधून, म्हणजे जोडणीच्या बारीक नळीतून, गळती. क्लोरीन अर्थातच सोडला नाही, जागा दाखवायला रंगीत धूर वापरला. डिटेक्टरचा अलार्म, शेडची शटर खाली, ब्लोअर सुरू होऊन हवा कॉस्टिकच्या स्क्रबरकडे, भोंगा. काका आणि त्यांचा जोडीदार एससीबीए घालून आत. शिफ्ट इनचार्जने हिरवं हेल्मेट घालून पूर्वेचं गेट गाठलं, कारण कार्डावर तसंच लिहिलं होतं. बंब मुख्य गेटावरून न थांबता पुढे निघून पूर्वेला वळला तेव्हा माझ्या शेजारी उभे असलेले फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणाले, "हे बरं केलंत." चालकाच्या हातात आमचं कार्ड होतं, रात्रीच्या नकाशाची बाजू वर.

असेंब्ली पॉइंटवर मस्टर, म्हणजे हजेरीची मोजणी, जुळली. कायमचे, कंत्राटी, पाहुणे, सगळे. तरीही सुभेदारसाहेबांचा एक पहारेकरी धावत आला, पार्किंगमध्ये टनर घेऊन आलेल्या लॉरीत ड्रायव्हर झोपलेला होता. तो रात्री उशिरा आला होता, गाडीची नोंद गेटवर होती, माणसाची मस्टरमध्ये नव्हती. त्याला उठवून, ओला टॉवेल देऊन बाहेर काढेपर्यंत बरीच मिनिटं गेली. निरीक्षकांनी अहवालात हीच गोष्ट पहिली लिहिली. आता आत येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हर-क्लीनरला गेटवर पितळी बिल्ला मिळतो, तो फळ्यावरून उतरतो, आणि मोजणी मस्टर अधिक फळा अशी होते. लॉरीचे कागद तपासताना ड्रायव्हरला असेंब्ली पॉइंट बोटाने दाखवायचा, हेही सिक्युरिटीच्या कामात लिहून घातलं. त्यातल्या बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नाही, म्हणून गेटवर हिंदीत आणि चित्रांसह फलक लावला.

ड्रिलनंतर लगेच, कुणी पांगायच्या आत, तिथेच उभं राहून सगळ्यांची निरीक्षणं घेतली. जवानांनी सांगितलं की पूर्वेच्या रस्त्यावरची विजेची तार बंबाच्या शिडीसाठी खाली आहे. सरपंच ताईंनी सांगितलं की गावाच्या वरच्या आळीत भोंगा ऐकू आला, खालच्या आळीत नाही. तारेसाठी वीज कंपनीकडे अर्ज केला, महिन्याभरात ती उंच झाली. खालच्या आळीत शाळेच्या छतावर दुसरा भोंगा बसवायचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने मंजूर केला, खर्च कारखान्याचा. अहवाल डिशकडे आणि प्रांत कार्यालयात गेला. मार्चमध्ये एक त्रुटीपत्र आलं, त्यात जनरेटर चाचणीच्या नोंदी मागितल्या होत्या, त्या दिल्या. मग वाढीव टनर आले.

पुढची ड्रिल नियमाप्रमाणे ऑगस्टमध्ये येते. तेव्हा वारा नैर्ऋत्येचा असेल, म्हणून ती मुख्य गेटाच्या बाजूची तयारी तपासायला वापरणार आहोत. पण मला खरी पाहायची आहे ती थंडीतली रात्र, कमी माणसांची शिफ्ट, मतलई वारा आणि अंधारातलं पूर्वेचं गेट. त्यासाठी डिसेंबरात रात्री अडीचची एक जादा ड्रिल मागितली आहे. स्टेशन ऑफिसर तयार आहेत, आरोग्य केंद्राने रुग्णवाहिका द्यायचं कबूल केलं आहे, पोलीस ठाण्याचं उत्तर यायचं आहे. शेजारच्या दोन कारखान्यांनी त्या रात्री त्यांचे एससीबीए सेट आणि माणसं पाठवायची तयारी दाखवली आहे, आणि त्यांच्या अमोनियाच्या साठ्यासाठी असंच चार पानी कार्ड करायला आम्ही बसलो आहोत.